बैल, सागवानी, चाके चार

माणसाने नाल्यात पडावे, त्याला कोणाची ना नाही. पण पडल्या जागी त्याला ठराव सुचू नये. उमरडोहच्या नागोराव गुरुजींना तो सुचला, आणि त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत त्यांचा वासलेला आ काही पुरता मिटला नाही.

पडले तेही साधेसुधे नव्हते. अलीकडे गाव, पलीकडे एस.टी.ची सडक आणि मधे नाला, अशी उमरडोहची रचना. हा नाला उन्हाळ्यात इतका गरीब असतो की कोंबडीसुद्धा त्याला न विचारता ओलांडते. पावसाळ्यात मात्र तो कोणाला ओळख देत नाही. गुरुजींची मुलगी कौसल्या बोरी अरबच्या हायस्कुलात नववीला होती. रोज सकाळी दप्तर डोक्यावर आणि चपला हातात घेऊन ती नाल्यात उतरायची आणि गुरुजी सायकल ढकलत तिला सडकेपर्यंत पोचवायचे. सन चौसष्टच्या जुलैतल्या एका सकाळी पाणी घोट्याएवढेच दिसले, म्हणून गुरुजी सायकलवरून उतरले नाहीत. धुणे धुणाऱ्या सात-आठ बाया, चौथीतले दहा-बारा विद्यार्थी आणि एक म्हैस यांच्या देखत ते मधल्या खड्ड्यात सायकलसकट बसले. कौसल्येने आधी सायकल उचलली, मग वडिलांना. हा क्रम गुरुजींच्या मनाला फार लागला.

घरी आल्यावर मथुराबाईंनी नवऱ्याचे धोतर पिळायला घेतले आणि पिळता पिळता विषय काढला. हायस्कुलाच्या हेडमास्तरांची चिठ्ठी त्या आठवड्यातच आली होती. मागच्या पावसाळ्यात नाल्यापायी कौसल्येचे एकतीस दिवस बुडाले होते. यंदा तसेच झाले तर तिला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत, असे चिठ्ठीत स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते.

"माया भावानं दिग्रसचं स्थळ सांगून ठेवलं हाय," मथुराबाई म्हणाल्या. "पोट्टीले रोज पाण्यात घालून वर्षाच्या शेवटी घरीच बसवायची असन, त मंग लग्न काय वाईट? पोळ्यापर्यंत मी वाट पाह्यतो. तवरीक तुमी नाल्याचं काई केलं, त शिकन पोट्टी. नाई त भावाले कार्ड टाकतो."

गुरुजींना धक्का बसला. आता त्यांचे असे होते की धक्का बसला म्हणजे त्यांचे शुद्ध मराठी सर्वांत आधी पळून जायचे. एरवी ते घरीसुद्धा क्रमिक पुस्तकातल्यासारखे बोलत. अगदी मीठ मागतानाही 'किंचित' म्हणत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "मथुरा, तू हे काय बोलून राह्यली?"

मथुराबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून ते कार्ड त्यांनी कौसल्येकडूनच लिहून घेतले. 'पोळ्यानंतर पाहुण्यांना घेऊन यावे' हे तिने खालमानेने पण फार वळणदार अक्षरात लिहिले. वळण गुरुजींचेच होते. कार्ड ट्रंकेत कपड्यांखाली गेले आणि गुरुजींची झोप उडाली.

शेजारी सदाशिवराव राहत. तहसिलीत तीस वर्षे कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. पण सल्ला देण्याच्या कामातून सरकारने त्यांना निवृत्त केलेले नव्हते. गुरुजी नाल्यात पडल्याचे त्यांना गुरुजी घरी पोचण्याआधी कळले होते.

"तुमी पडले हे बरं झालं," ते म्हणाले. "आता मुद्द्यावर याल. रपटा पाह्यजे. त्याले पैसा पाह्यजे. पंचायतीले गाड्यायवर फी बसवता येते, कायदाच हाय तसा. बैलबंडीले सालाचे दोन रुपये, सायकलीले एक. निम्मे पैसे गावानं जमवले की निम्मे तालुका देते. साधी गोष्ट हाय, फक्त ठराव बरा लिहा."

रपटा म्हणजे नाल्याच्या तळावर घातलेली दगड-सिमेंटची बुटकी वाट. पूल म्हणवून घेण्याची तिची ऐपत नसते. पण तिच्यावर चाक रुतत नाही आणि पाऊल घसरत नाही. गुरुजींना रात्रंदिवस तीच दिसू लागली. त्यांनी तीन दिवस बसून ठराव लिहिला, आणि एवढ्यावर भागले असते तरी पुढचे रामायण टळले असते. पण ठराव म्हटला की त्यात व्याख्या पाहिजे असे त्यांना वाटले. मास्तर माणूस, व्याख्येशिवाय त्याला घास गिळवत नाही. त्यांनी लिहिले: 'चाक असलेले आणि ओढले, ढकलले अथवा हाकले जाणारे प्रत्येक साधन म्हणजे वाहन होय.' हे वाक्य त्यांनी मथुराबाईंना दोनदा वाचून दाखवले. गावात पुढेमागे एखादी हातगाडी येईल, या दूरदृष्टीने त्यांनी खाली एक ओळ जोडली: 'इतर किरकोळ वाहने, दहा पैसे.' ही ओळ पुढे काय करणार आहे हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नाही.

ग्रामसभेत ठराव एकमताने पास झाला. गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांना हे नंतर कळले की बंडीवाल्यांना वाटले फी सायकलवाल्यांवर बसते आहे आणि सायकलवाल्यांना वाटले बंडीवाल्यांवर. सायकली गावात तीनच होत्या. त्यामुळे टाळ्या मुख्यतः बंडीवाल्यांनी वाजवल्या होत्या.

सरपंच बबनराव हे भले गृहस्थ, पण त्यांना सही करण्यापलीकडे कागदाचा सोस नव्हता. त्यांनी अर्जही गुरुजींनाच लिहायला सांगितला. नाल्यावरून किती वाहने जातात, असा त्यात रकाना होता. गुरुजींनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून पंचशील पाळायचे ठरवले होते, आणि त्यातले चौथे, खोटे न बोलण्याचे, ते मास्तरकीच्या काटेकोरपणाने पाळत. गैरहजर पोराची हजेरी त्यांनी इन्स्पेक्टर दारात असतानाही कधी मांडली नव्हती. म्हणून त्यांनी गल्लोगल्ली मनातल्या मनात हिंडून बंड्या मोजल्या आणि लिहिले: 'अंदाजे सत्तर.' खाली 'नागोराव, मुख्याध्यापक' अशी सही केली. तालुक्याहून उत्तर आले की नोंदणीचे रजिस्टर तयार ठेवा, साहेब स्वतः येऊन पाहतील. साठाच्या वर वाहने निघाली तर मंजुरी.

मग गुरुजींनी दारव्ह्याच्या टिनवाल्याकडून शंभर बिल्ले करून आणले. गोल, पत्र्याचे, मधे नंबर, कडेला दोन भोके. पहिला बिल्ला त्यांनी स्वतःच्या सायकलला, सर्वांसमक्ष, भाषण करून लावला. नंतर चावडीपुढे टेबल टाकून ते रजिस्टर उघडून बसले. शेजारी पंचायतीचा चपराशी फकिरा हातात हातोडी आणि खिळे घेऊन उभा राहिला. हा फकिरा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. गुरुजींनी सांगितलेले शब्दशः करायचे, ही सवय त्याला लहानपणी छडीने लागली होती आणि अंगात मुरली होती.

दुपारपर्यंत दोन सायकली आल्या. नंतर एक कुत्रे आले आणि टेबलाखाली झोपले. बंडी एकही आली नाही. चार वाजता गुरुजींना शंका आली आणि ते फकिराला घेऊन बंड्या पाहायला गावात निघाले.

पहिल्या अंगणात त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे पाय जागीच थबकले. बंडी होती, पण तिला चाके नव्हती. चार दगडांवर ती पोट टेकून बसली होती. पुढच्या अंगणात तेच. त्याच्या पुढच्यात तेच. सत्तर बंड्यांचे गाव, आणि एका बंडीला चाक म्हणून नाही. चाके कडब्याच्या गंजीत होती, कोठ्यात होती. एका घरी चाक चुलीजवळ आडवे टाकून त्यावर पाण्याचे हंडे मांडले होते. घरधनीण म्हणाली, आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे.

तांड्यावरच्या देवसिंगाकडे तीन बंड्या होत्या. त्यांपैकी एकीवर गोधडी अंथरून त्याची म्हातारी आई, त्याची याडी, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"देवसिंग, ही बंडी नोंदवायची आहे," गुरुजी म्हणाले.

"बंडी कोठी हाय गुरुजी?" देवसिंगाने अदबीने विचारले. "हे त खाट हाय. याडी बसते तिच्यावर. तुमीच लिवलं ना, चाक असलेलं ते वाहन. आमी सभेत ध्यान देऊन ऐकलं. आता माया खाटेले चाक असन त दाखवा."

"पण शेतात खत कसे नेणार?"

"टोपलीनं. डोक्यावर."

"अरे, दोन रुपयांसाठी कंबर मोडून घेता?"

"कंबर घरची हाय गुरुजी, दोन रुपये घरचे नाईत," देवसिंग म्हणाला. याडीने मान हलवली आणि गुरुजींच्या हातावर मूठभर तुरीचे दाणे ठेवले.

आपल्याच व्याख्येने आपल्यालाच चीत करावे, हा अनुभव गुरुजींना नवा होता. नंतरचे पाच-सहा आठवडे उमरडोहच्या शेतकऱ्यांनी जो निर्धार दाखवला, तसा तो पुन्हा कोणी कुठे दाखवला असेल असे वाटत नाही. खताच्या टोपल्या, युरियाची पोती, वैरणीचे भारे, सगळे माणसांच्या डोक्यावरून जाऊ लागले आणि बैल गोठ्यात बसून रवंथ करीत मालकांकडे पाहू लागले. दोन बंडीवाल्यांच्या पाठीत उसण भरली. त्यांचा शेक, तेल आणि लेप यांत चार रुपये गेले, पण फी भरली नाही म्हणून त्यांची मान ताठ होती. मानेतही उसण होती, ते वेगळे.

इकडे पाऊस आपले काम करीत होता. कौसल्येचे ऑगस्टअखेर अकरा दिवस बुडाले. ती काही बोलत नसे. नाल्याच्या काठापर्यंत जायची, पाण्याकडे पाहायची, चपला हातात तशाच घेऊन परत यायची आणि ओसरीत बसून भूमिती सोडवायची. तिचे ते न बोलणे गुरुजींच्या जिव्हारी लागे.

पोळ्याला चार दिवस उरले असताना बबनराव घाईघाईने आले. त्यांच्या हातात तालुक्याचे पत्र होते.

"गुरुजी, साहेब येऊन राह्यले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. रजिस्टर पाहाले. आपण किती गाड्या नोंदल्या?"

"तीन."

"अन् अर्जात लिवल्या किती?"

"अंदाजे सत्तर."

बबनरावांनी जरा विचार केला. "त मंग अंदाज थोडासा हुकला म्हणाव," ते म्हणाले आणि घाम पुसू लागले.

सदाशिवरावांना बोलवावे लागले नाही. ते आधीच दारात होते. "साहेबाले गाडी दिसत नसते गुरुजी, साहेबाले आकडा दिसते," ते म्हणाले. "सत्तर नावं लिवा, खाली सही ठोका. नाई त खोटा अर्ज केला म्हून तुमची बदली होईन कोठी जंगलात, अन् पोट्टी जाईन दिग्रसले. रपटा त राह्यलाच."

"खोटी नोंद मी करणार नाही," गुरुजी म्हणाले. आवाज कापला, पण शुद्ध मराठी टिकून राहिले. "एकही नाही. जे खरोखर चाकाचे आहे तेच रजिस्टरात येईल."

मग त्यांनी फकिराला बोलावून बिल्ल्यांची पिशवी आणि रजिस्टर त्याच्या हवाली केले. लोक गुरुजींना पाहून चाके लपवतात, तेव्हा एकट्या फकिराने अचानक जावे, असा त्यांचा डाव होता. "साहेब येईपर्यंत गावात जे जे चाकाचे दिसेल त्याला बिल्ला मार," त्यांनी बजावले. "व्याख्या पाठ आहे ना? कोणाचे ऐकू नको आणि कोणाला सोडू नको." फकिराने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. गुरुजींना समाधान वाटले. माणसाला समाधान वाटले की त्याने सावध व्हावे, पण हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

पोळा झाला. मथुराबाईंनी शब्द पाळला: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून कार्ड काढले आणि कोनाड्यात ठेवले. "साहेब जाऊ द्या," एवढेच त्या म्हणाल्या. रात्रभर वर डोंगराकडे पाऊस झाला होता. नाला मांडीपर्यंत आला होता.

दहाच्या सुमारास सडकेवरून साहेबांची जीप उतरली. गुरुजी, बबनराव आणि सदाशिवराव हार घेऊन अलीकडच्या काठावर उभे होते. ड्रायव्हरने पाण्याकडे पाहिले, बबनरावांनी हात हलवून "या, या" केले, आणि जीप आत शिरली. ती मधल्या खड्ड्यापर्यंत व्यवस्थित आली. गुरुजी ज्या खड्ड्यात बसले होते त्याच खड्ड्यात ती बसली, आणि इंजिनाने एकदा खोकून कायमचे मौन धरले. साहेब पुढच्या बाकावर गुडघाभर पाण्यात फायली डोक्यावर धरून बसलेले दिसू लागले.

"बैल आणा," गुरुजी ओरडले.

"बैल?" बबनरावांनी त्यांच्याकडे धक्का बसल्यासारखे पाहिले. "आज पोळ्याची कर हाय गुरुजी. आज कोण जू ठेवन बैलाच्या मानेवर?"

ही रीत उमरडोहात कधी मोडली नव्हती. बंड्यांना चाके नाहीत, बैलांना सुट्टी, आणि साहेब पाण्यात. शेवटी पोळ्यासाठी आणलेले नवेकोरे कासरे काढले, त्यांचा एकत्र पीळ घातला आणि गावातले चाळीस बापे माणसे जीप ओढायला लागली. देवसिंग सगळ्यांत पुढे होता. दीड महिना डोक्यावर खत वाहिल्याने लोकांच्या अंगात ताकद बरी आली होती, हे मान्य करावे लागेल. तासाभरात जीप काठावर आली.

साहेब खाली उतरले. त्यांनी बूट काढून हातात घेतले होते, त्यांतून पाणी गळत होते. बबनरावांनी हार घातला. तेवढ्यात गावाकडून ताशांचा आवाज आला आणि तान्ह्या पोळ्याची मिरवणूक शाळेच्या पटांगणाकडे, म्हणजे थेट नाल्याकडे, वळली.

तान्हा पोळा हा पोरांचा सण. थोरांचे बैल आदल्या दिवशी मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोरे आपले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत निघतात, घरोघरी जातात आणि बैलाच्या नावाने बोजारा मागतात. कोणी पाच पैसे देते, कोणी दहा. हे लाकडी बैल पाटावर उभे असतात. आणि त्या पाटाला चाके असतात.

गुरुजींच्या हे ध्यानात आले तेव्हा मिरवणूक पन्नास पावलांवर होती. प्रत्येक बैलाच्या पाटावर, पुढच्या बाजूला, दोन खिळ्यांनी ठोकलेला पत्र्याचा गोल बिल्ला उन्हात चमकत होता. एकूण एक बैल. मिरवणुकीच्या पुढे फकिरा होता. त्याच्या एका हातात हातोडी, काखेत रजिस्टर आणि चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचे तेज.

"फकिरा," गुरुजी कसेबसे म्हणाले, "हे तू काय करून ठेवलं रे बाप्पा?"

"नोंद केली गुरुजी. सकाळपासून फिरून राह्यलो. गावात चाकाचं दुसरं काईच नाई. चाक हाय, ओढल्या जाते, म्हून वाहन. किरकोळ वाहनाले दहा पैसे लिवलं हाय, ते बोजाऱ्यातून घेतले. कोनी रडलं नाई. उलट नंबर लागला म्हून पोट्ट्यायची रांग होती. दोघायनं त आगावचे दहा पैसे देल्ले, मोठा नंबर द्या म्हून."

साहेबांनी हात पुढे केला. फकिराने अदबीने रजिस्टर दिले. साहेब मोठ्याने वाचू लागले आणि गुरुजींना आपल्या पायांखालची काठाची माती नाल्यात उतरते आहे की काय असे वाटू लागले.

"क्रमांक एक ते तीन, सायकल. क्रमांक चार. बैल, सागवानी, चाके चार. मालक, देवसिंगचा लहाना. क्रमांक सतरा. बैल, बाभळीचा, चाके चार, एक शिंग मोडके. क्रमांक एकतीस. बैल, सागवानी, चाके तीन, चौथे चाक मालकाच्या खिशात." साहेबांनी पाने उलटली. "एकूण वाहने एकोणसत्तर. मुख्याध्यापक कोण?"

"मी," गुरुजी म्हणाले.

"अर्जात सत्तर लिहिले आहे. इथे एकोणसत्तर. आकडा तर जुळतो."

सदाशिवरावांनी मागून गुरुजींच्या सदऱ्याला चिमटा घेतला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता. साहेबांनी शेरा मारायला पेनही काढले होते. साठाच्या वर आकडा होता, रजिस्टर खरे होते, एक अक्षर खोटे नव्हते. गुरुजींनी फक्त तोंड मिटून उभे राहायचे होते. काठावर बायांच्या घोळक्यात मथुराबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कौसल्या.

"आकडा जुळते साहेब, पण गोष्ट जुळत नाई," गुरुजी म्हणाले. शुद्ध मराठी केव्हाच नाल्यापार गेले होते. "हे पोट्ट्यायचे खेळणे हायेत. मी लिवल्या होत्या त्या बंड्या. सत्तर हायेत गावात. पण फीच्या भेवानं लोकायनं चाकं काढून ठेवले. व्याख्या मायी होती, थे चुकली. सही मायी हाय. काय करायचं थे माह्यं करा, पण रपटा खोट्या आकड्यावर नोका देऊ. उद्या कोनी तपासलं त बांधलेला उखडून नेतीन."

चाळीस बाप्यांनी हातातल्या कासऱ्यांकडे पाहिले. ताशेवाल्याने ताशा खाली ठेवला. साहेब गुरुजींकडे पाहत राहिले, मग त्यांची नजर फिरत फिरत कौसल्येवर थांबली. ती कोरड्या काठावर उभी होती आणि तिच्या चपला तिच्या हातात होत्या.

"बाळ, चपला हातात का धरल्यास?"

कौसल्येने हातांकडे पाहिले. तिलाही ते आताच कळले असावे. "सवय हाय," ती म्हणाली. "नाल्याजवळ आलं की काढल्याच जातात. शाळेत जावं लागते ना रोज."

साहेबांनी स्वतःच्या हातातल्या बुटांकडे पाहिले. मग त्यांनी पेन बंद केले.

"खेळण्यांवर मंजुरी देता येत नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी मी पुन्हा येईन. त्या दिवशी बंड्यांना चाके असली तर सही तिथल्या तिथे करीन. नसली तर हा अर्ज मी विसरलो." एवढे बोलून ते जीपकडे वळले, आणि त्यांना ठकठक असा आवाज आला. जीपच्या मागच्या फळीवर फकिरा बिल्ला नंबर सत्तर ठोकत होता.

"चाकं हायेत साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "अन् आत्ताच ओढल्या गेली. साऱ्या गावानं पाह्यलं."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. आता नोकरीच गेली, असे ते धरूनच चालले. डोळे उघडले तेव्हा साहेब खिशातली भिजलेली पैशांची पिशवी पिळत होते. त्यांनी त्यातून दहा पैसे काढून फकिराच्या हातावर ठेवले आणि पावती मागितली.

देवसिंगाच्या घरी त्या दुपारी जे झाले तेच थोड्याफार फरकाने घरोघरी झाले. त्याच्या धाकट्याने आपला चार नंबरचा बैल अंगणात आणून बिनचाकी बंडीसमोर उभा केला आणि बापाला विचारले, "माया बैलानं बोजाऱ्यातून पैसा देल्ला. तुहे एवढे मोठे बैल हायेत, त्यायनं काहून नाई देल्ला?" देवसिंगाने पोराला गप्प बस म्हटले. मग याडी बंडीवरून खाली उतरली, तिने गोधडीची घडी केली आणि म्हणाली, तिला आता खाट नको, तिला बाजाराला जायचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरडोहात जिकडे तिकडे चाके बसवण्याचा आवाज होता. पंधरा दिवसांनी साहेब पायी नाला ओलांडून आले. बंड्या एकाहत्तर निघाल्या. एक जास्त कशी, याचा सदाशिवराव अजून शोध घेत आहेत.

त्या पावसाळ्यात कौसल्येचे आणखी तीन दिवस बुडाले, पण एकंदर पंधराच्या आत राहिले आणि ती वार्षिक परीक्षा पास झाली. कोनाड्यातले कार्ड तेवढे महिने कोनाड्यातच होते. रपट्याचा शेवटचा दगड बसला त्या मे महिन्यातल्या दिवशी मथुराबाईंनी त्या कार्डाने चूल पेटवली आणि तिच्यावर नवऱ्याला गुळाचा चहा करून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी गुरुजींनी सायकल धुऊन पुसून काढली, दहावीतल्या मुलीला मागे बसवले आणि घंटी वाजवत ते रपट्याकडे निघाले. हा क्षण त्यांनी वर्षभर मनात घोळवला होता. रपट्याच्या तोंडाशी फकिरा रजिस्टर घेऊन स्टुलावर बसला होता. त्याने हात आडवा केला.

"गुरुजी, बिल्ला जुना हाय. मुदत एकतीस मार्चले सरली. नवा घेतल्याबिगर चाक पुढं जात नाई."

"अरे, मी नागोराव. हा बिल्ला नंबर एक आहे."

"एक असो नाई त सत्तर असो. कलम पाच. तुमीच लिवलं हाय."

गुरुजी चाचपू लागले. सदऱ्याला खिसा होता, खिशात रुपया नव्हता. पलीकडे सडकेवर एस.टी.चा हॉर्न वाजला. गुरुजींचा आ पुन्हा वासला. "फकिरा, पोट्टीची गाडी चुकून राह्यली ना बे," ते कळवळून म्हणाले.

कौसल्या कॅरिअरवरून उतरली. तिचा हात सवयीने चपलांकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत आला. तिने दप्तर खांद्याला लावले. पायी माणसाला फी नव्हती. माणसाला चाक नसते. रपट्याच्या दोन्ही बाजूंनी गढूळ पाणी वाहत होते आणि ती मधून चालत गेली, मागे न पाहता, भराभर. गुरुजी जुन्या बिल्ल्याची सायकल धरून अलीकडेच उभे राहिले आणि दगडांवर वाजत जाणाऱ्या तिच्या चपलांचा आवाज ती एस.टी.त चढेपर्यंत ऐकत राहिले.